अवजाराचीही वही असावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात रोबोच्या साहाय्यानं होणाऱ्या शस्त्रक्रियांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. त्यात सर्जन होते, यंत्राची किंमत होती, रुग्ण किती दिवसांत घरी गेला हेही होतं. ऑपरेशन संपल्यावर ती अवजारं कोण धुतं, कोण तपासतं, यावर मात्र एक ओळ नव्हती. मी मिरजेतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात १९९१ ते २०२२ अशी एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. त्यातली पंचवीस वर्षं दुर्बिणीच्या ऑपरेशनांची. ती राहिलेली ओळ लिहायला बसले आणि पत्र लांबलं. जागा असेल तर पूर्ण छापावं, ही विनंती.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हटलं की आजही नातेवाईक विचारतात, "लेझरनं करणार ना, सिस्टर?" लेझर नसतं. बेंबीपाशी साधारण एक सेंटिमीटरचा छेद, बाकीचे दोन-तीन अर्ध्या सेंटिमीटरचे. पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवायचं. तो वायू भरणारा इन्सफ्लेटर आतला दाब सतत मोजत असतो आणि पाऱ्याच्या १२ ते १४ मिलिमीटरच्या आसपास राहील इतकाच वायू सोडतो. बेंबीतून जाते ती दुर्बीण म्हणजे फूटभर लांबीची, करंगळीएवढी स्टीलची नळी. तिच्यात काचेच्या लांब कांड्या एकामागोमाग एक बसवलेल्या असतात. ही युक्ती हॅरॉल्ड हॉपकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाची. आधीच्या दुर्बिणींत हवाच जास्त आणि मधेमधे लहान भिंगं असत. त्यांनी काच लांब केली आणि हवेची फट थोडी ठेवली, त्यामुळे कितीतरी जास्त उजेड डोळ्यापर्यंत पोचू लागला. जर्मनीतल्या टुटलिंगेन गावच्या कार्ल स्टोर्झ यांनी साठच्या दशकात ती दुर्बीण बनवायला घेतली. पोटातला सगळा उजेड आणि सगळं चित्र या एका नळीतून येतं. ती गेली की सर्जन आंधळा.

जर्मनीत एरिख म्युहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय काढलं. आपल्याकडे डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते केलं. अवघ्या पाच वर्षांत, आणि तेही सरकारी रुग्णालयात. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ही शस्त्रक्रिया श्रीमंतांची आहे असं पुढे आपणच करून ठेवलं. खरी गरज तिची कोणाला? जत तालुक्यातली एक ऊसतोडीची बाई मला आठवते. पित्ताशयात खडे, दिवाळीनंतर टोळीबरोबर जायचं ठरलेलं, मुकादमाची उचल घेऊन झालेली. बरगडीखाली वीतभर चिरलं तर दीड-दोन महिने तिला मोळी उचलता येणार नाही. भोकांतून केलं तर पंधरा-वीस दिवसांत ती उभी राहील. आमच्याकडे दुर्बीण होती. पण त्या आठवड्यात ती फुटलेली होती.

फुटली कशी, तर ट्रेमध्ये. ऑपरेशन संपलं, आमच्या वॉर्डबॉय मामांनी सगळी अवजारं एका ट्रेमध्ये गोळा केली, दुर्बीण खाली आणि वर जड चिमटे. वरून नळीला ओरखडासुद्धा नव्हता. दुसऱ्या दिवशी कॅमेरा लावला तर पडद्यावर चंद्रकोरीसारखी काळी सावली. आतली काचेची कांडी तडकली होती. दुर्बीण दुरुस्तीला मुंबईला गेली ती दीड महिना आली नाही, आणि तोवर सगळी पित्ताशयं पोट उघडून झाली. त्या बाईचंही तसंच झालं. तिचा हंगाम गेला आणि उचल अंगावर राहिली. मामांना ट्रस्टींनी बोलावून घेतलं. मीही त्यांच्याबरोबर आत गेले आणि सांगितलं की या माणसाला दुर्बीण कशी धरायची हे आपण कधी शिकवलेलंच नाही. तुमच्या पगाराच्या कितीतरी पट किमतीची काच यात आहे, हेही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. स्टीलची नळी म्हणून दिली, त्यांनी स्टीलची नळी म्हणून ठेवली.

त्या दिवसापासून मी दुर्बिणीला वेगळा डबा केला, आत फोम कापून बसवला. रोज ऑपरेशनच्या आधी टोक दिव्याकडे धरून, उजेडाची केबल जिथं लागते तिथून बघायचं. जितके काळे ठिपके, तितके उजेडाचे तंतू तुटलेले. हे करायला एक मिनिटही लागत नाही. मला हे एका कंपनीच्या मेकॅनिकनं सहज बोलताना सांगितलं. नर्सिंगच्या कुठल्या तासाला मी ते शिकले नव्हते.

आता मेरीलँडचं सांगते. मेरीलँड म्हणजे वाकड्या चोचीचा, पाच मिलिमीटर जाडीचा चिमटा. पेशी सोडवायला आणि लहानशी रक्तवाहिनी जाळायला सर्जन तो सारखा मागतात. चोचीतून वीज जाते, म्हणून बाकी दांड्यावर काळं आवरण असतं. पोटाच्या आत दांड्याचा बराचसा भाग कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर असतो. सर्जनची नजर चोचीवर. अशा वेळी आवरणाला मधेच कुठं बारीक छिद्र असेल, तर वीज तिथून निसटते आणि शेजारच्या आतड्याला चटका बसतो. तो त्या वेळी दिसत नाही. तीन-चार दिवसांनी आतड्याला तिथं भोक पडतं, पोटात घाण पसरते आणि रुग्ण तापानं फणफणतो.

एका सकाळी मी मेरीलँड सुट्टा केला. आमचा तीन भागांत सुटायचा: मूठ, आवरणाची नळी आणि आतला दांडा. घड्याळजीकडे असतं तसलं भिंग मी स्वतःच्या पैशानं आणलं होतं, ते डोळ्याला लावलं. सांध्याच्या खिळीभोवती जळलेल्या पेशीचा काळा थर बसला होता, दात घासायच्या मऊ ब्रशनं तो निघेना. आवरणाची नळी फिरवत गेले तर चोचीपासून चार बोटांवर एक खाच. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी. कड उचललेली आणि खाली धातू चमकत होता. रुग्ण टेबलावर होता, भूल दिलेली होती. मी सरांना म्हटलं, "हा देत नाही." सर दोन क्षण थांबले, हात पुढे करून भिंग मागितलं, पाहिलं आणि दुसरा चिमटा मागवला. दुसरा निर्जंतुक होईपर्यंत सगळे वाट बघत थांबले. सर चिडले नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. पण आदल्या दिवशी तो चिमटा कोणाच्या पोटात होता, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना.

तो चिमटा किती ऑपरेशनं झालेला होता? कोणालाच माहीत नव्हतं. कधी घेतला तेही नाही. माझ्या भाच्यानं मग प्रत्येक चिमट्याच्या मुठीवर आकडा कोरून दिला आणि मी दोनशे पानी वही घातली. मेरीलँड १, मेरीलँड २, हुक १, ग्रास्पर ३. तारीख, कुठलं ऑपरेशन, आवरण पाहिलं का, सांधा मोकळा का, कोणी धुतलं. वर्षभरानं वही सांगू लागली. हुकचं आवरण मेरीलँडच्या आधी जातं. एका विशिष्ट ट्रोकारमधून, म्हणजे छेदात बसवायच्या नळीतून, घातलेली अवजारं लवकर खरवडतात, कारण त्या ट्रोकारच्या आतल्या पडद्याची कड उठली होती. तो ट्रोकार बाजूला काढला आणि नवीन आवरणं टिकायला लागली.

हा भाचा कुपवाडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे. पुण्याच्या ओळखीच्या एका सर्जननं मला रोबोचं मुदत संपलेलं एक अवजार, स्वच्छ निर्जंतुक करून, शिकायला म्हणून दिलं होतं. एका रविवारी आम्ही ते जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडलं. मागच्या डबीत चार चकत्या. चकत्यांवर तार गुंडाळलेली, ती लांब नळीतून टोकाला जाते आणि तिथं इवल्याशा चाकांवरून वळून मनगटाला पकडते. एक तार ओढली की दुसरी सैल पडते आणि चिमटा आपल्या मनगटासारखा मान वळवतो. माझ्या मेरीलँडला मनगट नाही. त्याचा दांडा छेदात टेकलेला असतो, त्यामुळे हात उजवीकडे नेला की चोच डावीकडे जाते. सर्जनना हे अंगवळणी पडायला काही महिने लागतात. रोबोत हे उलटंपालटं उरत नाही. शिवाय हाताची मोठी हालचाल आत लहान होऊन पोचते आणि हाताची थरथर वाटेतच गाळली जाते. मोटारी मात्र अवजारात नव्हत्या. त्या रोबोच्या हातात असतात आणि मधे निर्जंतुक प्लास्टिकचं आवरण येतं. यंत्र, वीज आणि संगणक असे एका सांध्यात आले की त्याला मेकॅट्रॉनिक्स म्हणतात, असं भाचा म्हणाला.

तार टंगस्टनची, जुन्या बल्बमध्ये असायचा तोच धातू. केसाहून बारीक अशा अनेक तंतूंचा पीळ. मिरज ही सतारी-तंबोऱ्यांची. आमच्या शेजारच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच काम चालतं. तिथले चाचा आवाज ऐकून आले, त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "सिस्टर, तार जिथं वळते तिथंच जाणार. सरळ तारेला काय होत नाही." आम्ही चाक फिरवून पाहिलं. नेमक्या त्या वळणावर दोन तंतू तुटून बाहेर आले होते.

त्याच डबीत एक लहानशी चिप होती. अवजार कितव्यांदा वापरलं, हे ती लक्षात ठेवते आणि मोजणी संपली की यंत्र ते अवजार घेत नाही. दा विंची रोबोच्या बऱ्याच अवजारांना आधी दहा वापरांची मर्यादा होती, २०२० नंतर काहींची बारा ते अठरापर्यंत वाढवली. यामुळे खर्च वाढतो हे खरं आहे आणि तो रुग्णाच्याच बिलात येतो, हेही खरं. तरी त्या रविवारी मला त्या चिपचा हेवा वाटला. तंतू तुटायच्या आत अवजार बाजूला काढायची सोय तिच्यात होती. आमच्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या थिएटरांत हजारो चिमटे आहेत, त्यांची एवढीही आठवण कोणी ठेवत नाही. जे काम तिथं चिप करते ते इथं वहीनं होतं. वहीला खर्च नाही, पण ती लिहायला माणूस लागतो.

अवजारं अजून बारीक होत चालली आहेत. औषधाच्या मोठ्या गोळीएवढी, ११ बाय २६ मिलिमीटरची गिळायची कॅमेरा-कॅप्सूल २००१ पासून वापरात आहे. २०१९ मध्ये ०.५७५ मिलिमीटर बाजूची कॅमेरा-चिप आली, म्हणजे मिठाच्या जाड खड्याएवढी. मूतखड्याच्या लवचीक दुर्बिणीच्या टोकालाच आता कॅमेरा बसतो. हे सगळं मला मनापासून आवडतं. पण अवजार जितकं बारीक, तितके त्यातले कोनाडे बारीक. रोबोचं मनगट सुटं करून घासता येत नाही. ठरलेल्या छिद्रांतून पाणी दाबानं सोडावं लागतं, ब्रश आणि अल्ट्रासाउंडच्या टाकीत वेळ द्यावा लागतो. घाईत हे होत नाही.

घाईनं काय होतं ते मी पाहिलं आहे. एका ट्रकचालकाचं अपेंडिक्स आम्ही दुर्बिणीतून काढलं, तिसऱ्या दिवशी तो हसत घरी गेला. सहा आठवड्यांनी परत आला तो बेंबीजवळच्या छेदातून पाणी झिरपत असलेला. नेहमीच्या औषधांनी बरं होईना. तपासणीत क्षयाच्या जंतूंच्या भावकीतले, पण वेगळे जंतू निघाले. हे नळाच्या पाण्यात, टाक्यांत राहतात. आम्ही एका दिवसात पाच-सहा ऑपरेशनं करायचो. दोन ऑपरेशनांच्या मधे अवजारं ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात वीस मिनिटं बुडवायची आणि वरून पाणी ओतून घ्यायची. वीस मिनिटांत निर्जंतुकीकरण पुरं होत नाही, त्याला त्या द्रावणात दहा तास लागतात. आणि वरून ओतायचं ते पाणी गच्चीवरच्या टाकीचं होतं. ते पाणी ओतणाऱ्यांत मी होते. त्या माणसानं अनेक महिने गोळ्या-इंजेक्शनं घेतली, गाडी चालवायची सोडून. नंतर आम्ही निर्जंतुक पाणी सुरू केलं, अवजारांचे दोन जादा संच मागितले आणि रोजच्या ऑपरेशनांची संख्या कमी केली. ट्रस्टींना ती संख्या पटायला वेळ लागला. त्या माणसापुढे मात्र आम्हाला उशीरच झाला होता.

रोबो येऊ नयेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. ब्रिटनमधल्या व्हर्सियस रोबोची माणसांवरची जगातली पहिली चाचणी २०१९ मध्ये आपल्या पुण्यात, दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात झाली. २०२२ मध्ये गुरुग्रामला बनलेला एसएसआय मंत्र हा आपला देशी रोबो आला. याचा मला अभिमान आहे. सरकारी रुग्णालयांतही हे यावं, जतच्या बाईलाही ते मिळावं. पण खरेदीच्या निविदेत यंत्राबरोबर माणूसही लिहा. आमच्याकडचा वार्षिक देखभाल करार मी वाचला होता. कॅमेरा, मॉनिटर, इन्सफ्लेटर सगळं त्यात होतं आणि हातातली अवजारं 'अ‍ॅक्सेसरी' म्हणून वगळलेली होती. रुग्णाच्या पोटात जातं ते अवजार, आणि करारात नेमकं तेच नाही. प्रत्येक थिएटरला अवजारांसाठी एक शिकलेला, कायम पदावरचा माणूस पाहिजे. आवरण तपासायचं विजेवरचं साधन पाहिजे. ऑपरेशनांच्या संख्येला पुरतील इतके संच पाहिजेत.

आणि दुरुस्ती इथं शिकवा. टुटलिंगेनची वस्ती मिरजेपेक्षा कितीतरी कमी आहे, तरी शस्त्रक्रियेची अवजारं करणाऱ्या शेकडो कंपन्या त्या गावात आणि आसपास आहेत. मिरजेत १८९४ मध्येच मिशनचा दवाखाना सुरू झाला, गल्लोगल्ली डॉक्टर आहेत, तारेचं आणि लाकडाचं बारीक काम करणारी घरं आहेत, पलीकडे कुपवाडला टूलरूम आहेत. भाच्यानं त्या सुट्या केलेल्या अवजाराचं चाक आठ दिवसांत बनवून दाखवलं. ते रुग्णाला वापरायचं नाही हे त्यालाही माहीत होतं, त्यासाठी परवाने-चाचण्या लागतात आणि त्या लागल्याच पाहिजेत. पण हात आहे. आयटीआयमध्ये दुर्बीण आणि चिमटा उघडून जोडायचा एक अभ्यासक्रम सुरू केला, तर फुटलेली कांडी घेऊन मुंबईला जायला लागणार नाही. हे पत्र आयटीआयच्या प्राचार्यांपैकी कोणी वाचत असतील, तर मी शिकवायला यायला तयार आहे, मानधन नको.

मी निवृत्त झाल्यावर ती वही चार महिने चालली. माझ्या जागी कायम पद भरलं नाही. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर मुली येतात, शिकतात आणि जातात. गेल्या महिन्यात मी थिएटरमध्ये जाऊन आले. मुठींवरचे आकडे अजून स्पष्ट दिसतात, वही कुठं आहे ते कोणाला माहीत नव्हतं. सध्याची सिस्टर कवठेमहांकाळकडची आहे, चौकस आहे, तिनं भिंग हातात घेतल्यावर दहा मिनिटं सोडलं नाही. मी बाहेर जाऊन दोनशे पानी नवी वही घेतली, पहिल्या पानावर सगळ्या अवजारांचे आकडे उतरवले, भिंग वहीवर ठेवलं आणि दोन्ही तिच्या हातात दिली. तिची ऑर्डर मार्चमध्ये संपते.

आपली,
एक निवृत्त थिएटर सिस्टर,
मिरज